दोन मिनिटांचा हलवा

बहला, गुरुवार, दुपार

आदरणीय नसराअक्का,

तुझ्या धाकट्या भावाचे, म्हणजे मरहूनचे, तुला सलाम आणि भावोजींना त्याहून एक जास्त. तुझी तब्येत कशी आहे? साखर किती आली? भावोजींचा खोकला गेला, की यंदाही त्यांनी तो पाहुण्यासारखा ठेवून घेतलाय? सूरचा समुद्र जागेवर आहे ना, शेळ्या व्यायल्या का, आणि थोरल्या सुनेशी तू बोलायला लागलीस का? इकडे सगळे मजेत आहेत. बातमी काही नाही. (बातमी विचारली की आधी 'काही नाही' म्हणायचं अशी आपली रीत, म्हणून म्हटलं. आता बातमी सांगतो.)

हातात फोन असताना मी पत्र का खरडतोय, असं तुझ्या मनात येईल. एक तर फोन हातात नाही, जुवैनाने काढून घेतलाय. बायकोने नवऱ्याचा फोन काढून घ्यावा असे दिवस आले, पण ते पुढे येईलच. दुसरं म्हणजे फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. मी 'गाडी' म्हटलं की तू 'ठोकलीस ना?' म्हणतेस, आणि मग मूळ मुद्दा राहतो बाजूला. तुझा नातू सुट्टी संपवून उद्या सूरला निघालाय, त्याच्या हाती हे पाकीट देतो. (बाळा, वाटेत पाकीट फोडून वाचत असशील तर इथेच थांब. पुढे सगळं म्हाताऱ्या माणसांचं आहे.)

तर अक्का, माझी लेक थुरैया तुझ्या वळणावर गेलीय. आवाज खालचा, शब्द वरचा. निझव्याच्या इस्पितळात परिचारिका आहे, सोमवारी आणि बुधवारी तिची संध्याकाळची पाळी असते. त्या दोन दिवशी तिची मुलं मी तिच्या घरून आणतो आणि झोपेपर्यंत सांभाळतो. मुहन्नद पाच वर्षांचा, रय्या तीनची. आठवड्याचे बाकीचे पाच दिवस मी काय करतो असं कोणी विचारलं, तर सोमवारची आणि बुधवारची वाट बघतो, हेच खरं उत्तर आहे. एप्रिलमध्ये थुरैयाच्या विभागात एक मूल आणलं होतं, भर दुपारी बंद गाडीत राहिलेलं. ती घरी आली, जेवली नाही, आणि माझ्यासमोर बसून म्हणाली, "बाबा, मला शब्द द्या. माझ्या मुलांना गाडीत एकटं ठेवायचं नाही. इंजिन चालू असो नाहीतर बंद, एक मिनिट असो नाहीतर अर्धं." ते मूल वाचलं का, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शब्द दिला. शब्द मोडलात तर मुलं सासूकडे ठेवीन, हेही ती त्याच आवाजात म्हणाली.

आता तूच न्याय कर. शब्द देणं सोपं असतं, कारण देताना दोन्ही पोरं समोर नसतात. दोन पोरांना गाडीतून उतरवायचं म्हणजे काय काम असतं ते मला विचार. आधी पट्टे सोडवा. मग रय्याच्या चपला शोधा. एक सीटखाली सापडते, दुसरी घरीच राहिलेली असते, म्हणजे तिला कडेवर घ्या. कडेवर घेतलं की मुहन्नद म्हणतो मलाही. दुकानात शिरलं की एकाला शू लागते आणि दुसरीला काचेच्या बरणीतलं जे दिसेल ते हवं असतं. एवढं करून परत पट्टे लावायचे, आणि पट्टे लावताना रय्या अंग असं ताठ करते की ओंडका बरा. दोन मिनिटांच्या कामाला चाळीस मिनिटं! म्हणून आपल्याकडे सगळं जग काय करतं? इंजिन चालू, एसी चालू, पोरं मागे, आणि माणूस 'आलोच' म्हणून आत. काल हिलालच्या हलव्याच्या दुकानापुढे सहा गाड्या उभ्या होत्या. सहाही पांढऱ्या, सहाही मोठ्या, सहाही चालू, आणि चार गाड्यांत मागच्या काचेला नाकं चिकटलेली. म्हणजे मी काही जगावेगळं केलं नाही.

शिवाय वेळेच्या बाबतीत मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय. तेहतीस वर्षं मी आपल्या फलजचा पाटकरी होतो. डोंगरातून आलेलं पाणी कोणाच्या खजुरीला किती वेळ सोडायचं, हे दिवसा काठीच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजून मी ठरवलं. एका पाळीचा एक अथर, म्हणजे अर्धा तास. त्या अर्ध्या तासातला चिमूटभर इकडचा तिकडे झाला तरी सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नाला जात नसत. पण मरहूनने पाणी उशिरा तोडलं, असं आजवर एकाही दाढीने म्हटलेलं नाही. असा माणूस जेव्हा 'दोन मिनिटं' म्हणतो तेव्हा ती दोनच असतात. निदान त्याच्या मनात तरी.

तर काल बुधवार. मुलांना घेऊन घरी निघालो होतो, तेवढ्यात जुवैनाचा फोन. थुरैयाची सासू संध्याकाळी कॉफीला येतेय आणि घरात हलवा संपलाय. (संपला कसा ते मी विचारलं नाही, कारण संपवला मी होता.) बाहेर शेहेचाळीस अंश. मी हिलालच्या दारात गाडी लावली, एसी पूर्ण सोडला, मुहन्नदला चित्रं बघायला माझा फोन दिला, किल्ली जागच्या जागी ठेवली आणि म्हणालो, "दोन मिनिटं. दार कोणाला उघडू नकोस. बहिणीकडे बघ." तो मान वर न करता 'हो' म्हणाला. पाच वर्षांच्या माणसावर तीन वर्षांच्या बाईची जबाबदारी टाकून मी आत गेलो. लिहिताना हे वाक्य वाईट दिसतं. करताना दिसत नव्हतं.

आत गेलो तर कोण बसलाय? सुलैमान! तीन महिने हिंदुस्थानात राहून गुडघा बदलून आलेला, पाय लांब करून गालिच्यावर. आता तीन महिन्यांनी, शिवाय नव्या गुडघ्याने भेटलेल्या माणसाला 'मला घाई आहे' असं म्हणणारा आपल्या खानदानात जन्मला असेल तर मला त्याचं नाव कळव. तो उठायला लागला. मी म्हटलं, उठू नकोस. तो म्हणाला, उठणारच, यासाठीच तर बदललाय. तो उठेपर्यंतच माझी दोन मिनिटं संपली. मग तब्येत, घरचे, भाऊ, भावाचे मुलगे, खजुरी, पाऊस, काय बातमी, बातमी काही नाही. मग खजूर आला. खजुरामागे कॉफी आली. पहिला पेला पाहुणचाराचा, दुसरा न घेतला तर यजमानाला वाईट वाटतं आणि तिसरा न घेतला तर आपल्यालाच. मग त्याने गुडघ्याची गोष्ट सुरू केली. अंगातला पायघोळ दिशदाशा वर करून टाकेसुद्धा दाखवले. आता टाके दाखवणाऱ्या माणसासमोर पेला हलवून 'पुरे' कसं म्हणायचं? पेला नुसता हातात धरला की हिलाल लगेच भरतो. त्याचा तरी काय दोष, त्याच्या बापानेही असंच केलं असतं.

चौथ्या पेल्याला बदर आला. हा जबरीनचा, शेळ्यांचा व्यापारी, वय पस्तीसच्या आत. आता पुन्हा सगळे उठले (सुलैमानसुद्धा, हौसेने), पुन्हा तब्येत, पुन्हा भावाचे मुलगे, पुन्हा बातमी काही नाही. हिलालने त्याला विचारलं, मुलं दिसत नाहीत? तो म्हणाला, "गाडीत आहेत. दोन मिनिटांचं तर काम." मी म्हणालो, माझीही गाडीतच आहेत. यावर सुलैमानने मान हलवली आणि हिंदुस्थानातल्या डॉक्टरने त्याला सांगितलेली कुठली तरी मोठी गोष्ट सांगितली, आजकालचे आईबाप मुलांकडे लक्ष देत नाहीत म्हणून. आम्ही दोघांनीही ती मनापासून पटवून घेतली. बदर तर म्हणाला, "काका, तुमच्या पिढीची गोष्टच वेगळी." मी नाही म्हटलं नाही.

शेवटी मी हिंमत करून पेला हलवला, हलव्याचं भांडं उचललं, बाहेर आलो. उन्हाने डोळे दिपले. पांढरी गाडी, चालू, मागे दोन डोकी. बसलो आणि निघालो. सीट जरा पुढे वाटली. मी म्हटलं, कॉफी जास्त झाली, पोट पुढे आलं. उदाचा वास वेगळा होता. म्हटलं, थुरैयाने नवा आणला असेल. समोर कागदी रुमालांच्या डब्याला सोनेरी झालर होती. म्हटलं, हेही तिचंच. (अक्का, माणसाला एकदा गाडी आपली वाटली की तो झालरसुद्धा पटवून घेतो.) मी मागे वळून पाहत नाही. गाडी चालवताना नजर रस्त्यावर, हा माझा नियम तुला ठाऊक आहे. बाजूच्या सीटवर चिप्सची पिशवी होती, ती तशीच मागे सरकवली आणि मुलांना दोन समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. आईला हलव्याच्या दुकानाचं काही बोलायचं नाही. न बोलणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. गेल्या बुधवारी आजोबांची दातांची वाटी कोणी लपवली, ते आजोबांनी तरी कुठे सांगितलं? मागून बारीक आवाजात 'हो' आलं. मी म्हटलं, बघा, समजावून सांगितलं की पोरं कशी ऐकतात! दहा मिनिटांच्या रस्त्यात एक भांडण नाही, एक किंकाळी नाही. मला वाटलं, वळण लागलं.

फाटकात गाडी उभी केली तेव्हा मुलगा म्हणाला, "आजोबा, हे आमचं घर नाही."

मी म्हटलं, "मग कोणाचं आहे?"

"तुमचं असेल."

आधी का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. तर म्हणाला, तुम्ही बोलत होतात, मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नसतं. कोणाच्याही मुलाला इतकं चांगलं वळण लावू नये, असं माझं आता ठाम मत झालंय. तो बदरचा गस्सान होता, सहा वर्षांचा, आणि शेजारी त्याची धाकटी बहीण शेखा, चिप्स खात. तेवढ्यात जुवैना हात पुसत बाहेर आली, गाडीत डोकावली आणि म्हणाली, "अहो, ही कोणाची आणलीत?" मी सांगायला तोंड उघडलं, तोवर तिने दुसरा प्रश्न विचारला, "आणि आपली कुठे आहेत?"

तो प्रश्न मी अजून ऐकतोय. एवढंच लिहितो.

जुवैनाने माझ्या फोनवर फोन लावला. (माझा फोन मुहन्नदकडे, हे तिला तिच्या डोक्याने सुचलं. माझं डोकं त्या वेळी हलव्याचं भांडं कुठे ठेवावं या विचारात होतं. देवाशपथ, तोच विचार होता.) मुहन्नदने उचलला. म्हणाला, "आजी, गाडी बंद पडलीय. गार हवा येत नाही. रय्याने शू केली. आजोबा अजून दुकानातच आहेत." मी गाडीत बसून किल्ली फिरवायला लागलो, आणि इंजिन चालूच असल्यामुळे ते किंचाळलं. जुवैनाचा आवाज मात्र जराही चढला नाही. थुरैयाचा आवाज कुठून आला ते मला काल कळलं. तुझ्याकडून नाही, अक्का, माफ कर. ती म्हणाली, "राजा, पुढच्या सीटवर ये. चाकाच्या मधोमध भोंगा आहे, तो दोन्ही हातांनी दाब. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."

आता आपल्या गावात भोंगा वाजला की काय होतं? दुकानदार बाहेर येतो. कोण उन्हात उतरून चहा आणायला जातंय? दुकानापुढे थांबायचं, भोंगा मारायचा, आतला माणूस येऊन काय हवं ते विचारतो आणि काचेतून देतो. थुरैया याला आळस म्हणते. थुरैयाला सांग, या आळसाने तिची मुलं बाहेर काढली. कारण हिलालच्या शेजारी मोइदूचं चहाचं दुकान. बावीस वर्षं हा केरळचा माणूस आपल्या गावाचे भोंगे ऐकतोय. आखूड भोंगा म्हणजे एक चहा, दोन आखूड म्हणजे पराठाही, आणि लांबलचक भोंगा म्हणजे कोणीतरी मोठा साहेब रागावलाय. इतका लांब भोंगा त्याने जन्मात ऐकला नव्हता. तो पदराला हात पुसत म्हणतात तसा, म्हणजे लुंगीला पुसत, पळत आला, काचेशी वाकला, आणि साहेबांच्या जागी त्याला मुहन्नद दिसला. दार उघडून त्याने दोघांना दोन काखांत घेतलं आणि आपल्या दुकानात पंख्याखाली नेलं.

मी पोचलो तेव्हा (बदरची गाडी मी किती वेगात चालवली ते बदरला सांगू नकोस) रय्या मोइदूच्या गल्ल्याच्या टेबलावर बसून पाणी पीत होती. केस जरा ओले होते. मुहन्नद पराठा खात होता. मोइदूने माझ्याकडे बघितलं आणि रय्याचा पेला पुन्हा भरला. बावीस वर्षांत मी त्याला 'काय रे, चहात पाणी किती?' असं रोज छेडलंय आणि त्याने रोज उलट उत्तर दिलंय. काल मला छेडायचं सुचलं नाही. मी म्हटलं, मोइदू, तुझे उपकार झाले. तो म्हणाला, "साहेब, आधी पोरीला जवळ घ्या." घेतलं.

बदर? बदर अजून आत बसला होता, अक्का! सहाव्या पेल्यावर. मला बघून म्हणाला, "या या काका, परत आलात? बसा. मघाशी कोणीतरी चहासाठी केवढा भोंगा मारत होता, काय घाई असते लोकांना." सुलैमान दुसऱ्या गुडघ्याचं सांगत होता. मी बदरला बाहेर बोलावलं, त्याची गाडी दाखवली, त्याची मुलं दाखवली आणि काय झालं ते सांगितलं. त्याचा चेहरा खजुराच्या बीसारखा सुकला. मला वाटलं, आता हा माझ्या अंगावर येणार, आणि आला असता तर मी हात उचलला नसता. तो गाडीचं दार उघडून मुलांशेजारी जाऊन बसला. मग उतरून म्हणाला, "काका, हे माझ्या बायकोला कळायला नको." मी म्हटलं, माझ्या मुलीलाही. आम्ही हात मिळवले. शेळीचा सौदाही इतक्या लवकर ठरत नाही.

आता मुद्द्यावर येतो. थुरैयाला अजून काही माहीत नाही. जुवैना म्हणते, तुम्ही सांगा, नाहीतर सोमवारी मी सांगते, आणि तोवर फोन मिळणार नाही. तेव्हा अक्का, तू थोरली, थुरैया जगात कोणाचं ऐकत असेल तर तुझं. तू तिला फोन कर. आधी इकडचं तिकडचं बोल, मग हळूच सांग की बाबांच्या हातून एक बारीकशी चूक झाली, मुलं सुखरूप आहेत, सगळ्या गावाच्या गाड्या एका रंगाच्या असल्यावर दुसरं काय होणार, आणि एवढ्यावरून सोमवार-बुधवार बंद करू नकोस. माझे दोन वार राहू देत. एवढा शब्द टाक. भावोजींना सलाम, सुनांना आशीर्वाद, शेळ्यांना तुझ्या हातचा चारा.

तुझा धाकटा,
मरहून

ता. क. वर मी 'दोन मिनिटं' लिहिलंय, ती जुवैनाने पत्र वाचून दुरुस्त करायला लावली. तिचा हलव्याचा फोन चार वाजून दहा मिनिटांनी आला होता. मोइदूने मुलांना बाहेर काढलं तेव्हा त्याच्या भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच झाले होते. रस्त्याचा वेळ सोडला तरी दोन अथर होतात. दोन अथरांत आपल्या खालच्या बागेतल्या अकरा खजुरी भिजतात. आणि गाडी बंद पडली ती पेट्रोल संपून. लाल दिवा सकाळपासून लागला होता. हलव्यानंतर भरू म्हटलं होतं.

आणखी ता. क. आता हे जुवैनाला न दाखवता लिहितोय, ती नमाजाला गेलीय. रय्याचे केस जरा ओले होते असं मी लिहिलं. पिळले असते तर पाणी निघालं असतं. आणि ती रडत नव्हती, अक्का. ही पोरगी बिस्किटाचा पुडा उलट्या बाजूने फोडला तरी रडते. काल मी तिला उचलली तेव्हा तिने डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि ती गप्प राहिली, घरी येऊन आंघोळ घातली तरी गप्प. रात्री जेवताना मुहन्नदने तिचा चमचा घेतला तेव्हा ती रडली. तेव्हा मी बाहेर अंगणात जाऊन बसलो.

शेवटचं. हे फक्त तुझ्यासाठी. वर मी ऐटीत लिहिलंय की गाडी चालवताना मी मागे वळून पाहत नाही. जुवैनालाही तेच सांगितलं, बदरलाही. पण मी पाहिलं होतं. गोल चौकाच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेतली, पूर्ण मागे वळलो, चिप्सची पिशवी फोडून त्या मुलीच्या हातात दिली, झालरीच्या डब्यातून रुमाल काढून तिचं नाक पुसलं आणि म्हणालो, "रय्या, आज किती शहाणी गं माझी." आत्ता हा कागद माझ्यापासून जितका लांब आहे, तितकीच ती लांब होती. शेखाचे केस कुरळे आहेत, अक्का, कानात सोन्याच्या रिंगा आहेत, आणि रय्यापेक्षा ती वर्षाने मोठी आहे. हे सगळं मी नंतर बघितलं, बदरच्या गाडीशी उभं राहून. चौकात मला रय्या दिसली होती. डोळे गेलेत की डोकं, ते डॉक्टर सांगेल. दोन्हीपैकी एक तरी गेलंय.

तेव्हा वरची रदबदली करू नकोस. थुरैयाला फोन करायचा तो एवढंच सांगायला कर, की सोमवारपासून मुलांना तुझ्या सासूकडे ठेव. का, ते मी तिला समोर बसून सांगेन, पण पहिला शब्द माझ्या तोंडून निघणार नाही, मी स्वतःला ओळखतो. आणि तू स्वतः ये, सोमवारच्या आत. आल्या आल्या, कॉफीच्या आधी, चारचौघांत माझ्याकडे गाडीची किल्ली माग. मी नाही म्हणेन. आवाज चढवीन, तेहतीस वर्षांचा पाट काढीन, तुझ्या म्हातारपणावरही बोलेन कदाचित. काही ऐकून घेऊ नकोस. तू थोरली आहेस, सरळ हात घाल. किल्ली उजव्या खिशात असते.